फट

मागच्या गोडी छाटणीच्या आधी यांची कंबर गेली.
एका घमेल्यानं गेली,
ओल्या शेणखताच्या, रोजच्याच.
द्वारकेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला,
दोन मणक्यांमधल्या फटीवर पेनाचं टोक टेकवलं:
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
यांनी विचारलं, क्रेट?
क्रेटही नाही.
मग बराच वेळ आम्ही तिघं
त्या फटीकडे बघत बसलो.

ट्रॅक्टर आमचा बुटका, चोवीस एचपीचा,
द्राक्षाच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा.
फवारणी, रोटर, ट्रॉली,
जे काही करतो ते पाठीनं करतो.
पुढं त्याला हात नव्हते.

पिंपळगावच्या युनूस मिस्तरींनी
खडूनं फरशीवर लोडर काढला,
पुसला, परत काढला, चार बोटं अरुंद.
बकेट चाकांच्या बाहेर नको, म्हणाले,
नाहीतर पहिल्याच वळणावर वेल सोलून काढंल.
आणि ताई, लोखंड काय, बसतं.
नाक जड झालं की शेपूट उचलतं, तेवढं बघा.
बघते, मी म्हटलं.
यांनी माझ्याकडे पाहिलं.
ट्रॅक्टर कोण चालवणार हे तोवर
घरात कुणी बोललं नव्हतं.

तीन दिवस ठिणग्या.
चेसीला दोन्ही अंगांनी पट्ट्या, सोळाचे बोल्ट,
काळे होज, भंगारातला पण धडधाकट व्हॉल्व्ह.
रेड ऑक्साईड लावून तो घरी आला,
पाहुण्यांसमोर हात कुठे ठेवावेत
ते न कळलेल्या पोरासारखा.

उकिरड्याशी पहिली बकेट मी भरली.
दांडा ओढला. पंप कण्हला.
खत वर चाललं, छातीच्या वर, डोक्याच्या वर,
आणि माझ्याखालची सीट हलकी झाली.
मागचं एक चाक जमीन सोडून
हवेत सावकाश फिरत राहिलं.

हे धावले. पट्ट्यात आवळलेली कंबर घेऊन
मागच्या लिंकेजवर चढून उभे राहिले,
बासष्ट किलो.
चाक टेकलं.
मी इतक्या जोरात ओरडले
की विहिरीतले पारवे उडाले.
उतरा! आधी उतरा!
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
यांना मी असं कधी काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निळा ड्रम अर्धा कापून
त्यात सिमेंट, खडी, मोडक्या मांडवाचे अँगल.
ओल्या सिमेंटवर गार्गीनं काडीनं लिहिलं: पप्पा.
हे काय गं?
ती म्हणाली, मग काल वजन कुणाचं होतं?
आता मागं तेच असतात, अडीचशे किलो,
तीन पिनांत अडकवलेले.

छाटणीला सुरगाण्याची टोळी आली.
यशोदा भोये लोडरभोवती एक फेरी मारून,
बकेटच्या दाताला बोट लावून म्हणाली,
आमची घमेली आता पालथीच का, ताई?
चारीत खत पसरायला हात लागतातच, मी म्हटलं.
खरं होतं, पण अर्धंच.
गेल्या साली त्या चौदा जणी होत्या,
यंदा नऊ बोलावल्या.
ती पुढं काही बोलली नाही,
दगडावर कात्री घासत राहिली.

मांडवाखालून जाताना
बकेट गुडघ्याच्या वर जाऊ देत नाही मी, तारा असतात.
हे माझ्यापुढं उलटे चालतात,
दोन्ही तळहात दाखवत:
ये, ये, थोडं डावीकडे, बास.
पाच किलोच्या आतलं काम.

इंजिन बंद केल्यावर बकेट टेकवूनच ठेवायची,
मिस्तरींनी बजावलंय,
अधांतरी राहिली की रात्रीतून तेल उतरतं,
हात आपोआप खाली येतात.
मी टेकवतेच.
तरी जेवणानंतर हे बॅटरी घेऊन जातात,
हळूच, कठड्याला धरून वाकतात,
आणि बकेटखाली चपलेचं टोक सारून बघतात,
फट राहिली का.