हातचा एक

नगरपालिकेनं मला घडीची खुर्ची दिली,
एक छत्री,
आणि अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र.
रुआ दा फोन्तेच्या वळणावर बसायचं,
सात ते सात,
रस्ता ओलांडणारी माणसं मोजायची.
आकडा शंभराच्या वर गेला तर पांढरे पट्टे.
शंभर नव्हे, शंभराच्या वर,
इंजिनिअरबाई दोनदा म्हणाल्या,
आणि पट्ट्यांचा नकाशा घडी घालून
खणात ठेवून दिला.

दहापर्यंत नऊ माणसं.
ग्रॅनाइटच्या खाणीतले ट्रक उतारावरून येतात
जळक्या ब्रेकचा वास पुढे पाठवून.
फुटपाथवर दोन चाकं चढवलेल्या गाड्या,
त्यामुळे पलीकडचं दिसायला आधी रस्त्यात उतरावं लागतं,
आणि उतरल्यावर
दिसलं काय, न दिसलं काय.

झुल्मिराबाईंचं घर समोर. दवाखाना माझ्या पाठीशी.
मधे अकरा पावलं. रहदारी नसताना मी मोजलीत, पहाटे.
त्या आपल्या दारातून खाली जाणारी बस पकडतात,
नदीपर्यंत जातात, बस वळते,
त्याच बसनं वर येऊन दवाखान्यापाशी उतरतात.
चाळीस मिनिटं, रक्तदाब मोजून घ्यायला.
"मला धरलंस का रे तुझ्या यंत्रात?"
नाही धरलं.
त्यांनी रस्ता ओलांडलाच नव्हता.

कॅफेवाला अबीलियो दर तासाला कॉफी आणतो, पैसे घेत नाही.
पट्टे आले की त्याच्या दारातल्या तीन गाड्यांची जागा जाणार.
तीन गाड्या म्हणजे दिवसाच्या तीस कॉफ्या,
रविवारी भाजलेली कोंबडी वेगळी.
"किती झाले?" विचारतो,
शेजाऱ्याचा ताप विचारावा तसं.
चारला एकेचाळीस.
मग तो केकसुद्धा आणतो.

कुणी सांगितलं कोण जाणे.
साडेपाचला न्हावी बाहेर आला, मागे त्याचं गिऱ्हाईक,
गळ्याला कापड, अर्ध्या गालावर फेस.
ओलांडून गेले. परत आले.
बेकरीतली एर्मेलिंडा, पिठाच्या हातांनी.
बँकेतला तो, ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही.
नियमावलीचं दुसरं पान कुणी वाचत नाही, मी वाचलं होतं:
तीच व्यक्ती पुन्हा आल्यास पुन्हा मोजावी.
मी अंगठा दाबत राहिलो.
ट्रक थांबले, भोंगे वाजले,
एका ड्रायव्हरनं खिडकीतून
माझ्या आईची चौकशी केली.

सातला सहा मिनिटं कमी. सत्त्याण्णव.
दिवे लागले तसे लोक आत गेले,
सूप गार होतं माणसांची वाट पाहून.
आणि माझी स्कूटर पलीकडे.
खुर्ची घेऊन गेलो. अठ्ठ्याण्णव.
छत्री राहिली, खरंच राहिली होती,
आणायला परत आलो. नव्व्याण्णव.
छत्री काखेत, निघालो,
अर्ध्यावर असताना वळणातून दोन हेडलाइट.

फडकं हलवत अबीलियो रस्त्यात उतरला,
ट्रकला शिव्या, मला शिव्या, नगरपालिकेला शिव्या,
पट्ट्यांच्या नावानं सगळ्यात लांबलचक.
ट्रक थांबला.
मी पलीकडे पोचलो. शंभर.
त्याला विचारलं, "तूही ये ना, एवीतेवी उतरलायस तर."
अर्ध्या रस्त्यातूनच तो मागे फिरला,
आणि अर्ध्याचं बटण यंत्राला नाही.

रात्री ओट्यावर तक्ता भरायला बसलो.
तासातासाचे रकाने, खाली बेरीज.
तीनदा केली, तीनदा शंभर.
झुल्मिराबाई कुठल्याच तासात नाहीत.
शाळेत गुरुजी वेताची छडी आपटत म्हणायचे,
बाकी सगळं विसरा, हातचा विसरू नका.
पेन्सिलीला टोक काढलं
आणि रकान्याच्या डोक्यावर, बारीक,
जिथे तो मांडतात तिथेच,
मांडला.