मधली खुर्ची

ह्या खेपेला चौदा जण आले,
सगळे नारिंगी टी-शर्टात, पाठीवर आमच्या गावाचं नाव.
तुईचमालमधला 'च' तेवढा गळलेला.
कुणी काही बोललं नाही.
पाहुण्याच्या पाठीकडे बोट दाखवायचं नसतं.

माझी खुर्ची मधली.
डावीकडून इंग्रजी येतं, उजवीकडे माम जातं.
दिवसाचे दीडशे केत्साल, दुपारचं जेवण त्यांच्या पंगतीला.
"इतकं छान इंग्रजी कुठे शिकलात?"
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
"थंड खोलीत," मी म्हणते, आणि ते हसतात.
जॉर्जियात सात वर्षं कोंबड्यांच्या तंगड्या तोडल्या,
पांढरा कोट, एकावर एक दोन हातमोजे.
मग एका पहाटे गाडी आली. मग विमान.
एवढं सगळं कोण सांगत बसणार.

सोमवार ते गुरुवार त्यांनी चुलींना धुराचे पाइप बसवले.
बरे बसवले, खोटं का बोलू.
पेत्रोनाचा खोकला त्या रात्री कमी होता.
पाच पाइपांचा गिलावा लाझारोनं मागाहून पुन्हा केला,
पण लाझारो कुणाच्याही हातचं पुन्हा करतो,
माझ्या तर आमटीतलं मीठसुद्धा.

शुक्रवारी साक्षीचा तास.
एक पोरगी उठली, ब्रिन, सतरा वर्षांची,
नाक उन्हानं सोललेलं, मुठीत रुमालाचा बोळा.
म्हणाली: "तुमच्याकडे किती कमी आहे,
आणि तरी तुम्ही सगळे किती आनंदात आहात."
थांबली. माझ्याकडे बघू लागली.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
दरवर्षी येतं वेगळ्या तोंडातून,
बॅगेत सगळ्यात वर घडी करून ठेवलेलं.
आजवर मी त्याला वळसा घालून नेलं:
ती म्हणते, तुमची अंडी फार चवदार होती.
ती म्हणते, ह्या चढणीनं गुडघे गेले.
उजवीकडे माणसं हसायची, मनापासून,
ते हसू बघून डावीकडे डोळे पुसले जायचे.
दोन्ही बाजू तृप्त. माझे दीडशे.

त्या दिवशी काय झालं कोण जाणे.
पहिल्या बाकावर पेत्रोना होती,
दोन मुलगे उत्तरेत, धाकट्याचा तीन वर्षं फोन नाही.
मी वाक्य जसंच्या तसं तिच्यापुढे ठेवलं,
मासा ठेवावा तसं, डोक्यासकट.

बाकाखालून एक कोंबडी गेली.

मग पेत्रोना म्हणाली, हळू, न रागावता:
"तिला विचार, घरी पाहुणे आले की ती हसते ना?
आणि पाहुणे गेले की?"

हेही मी डोक्यासकट नेलं.
पास्टर कर्टिसनं घड्याळ पाहिलं.
गिटारवाल्यानं एक तार छेडली, लगेच तळव्यानं दाबली.
ब्रिन उभीच.
मग इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं:
"माझी आई, पाहुणे गेले की, गाडीत जाऊन बसते.
गॅरेजमध्ये. दिवा न लावता."

गॅरेजला मला शब्द सापडेना.
म्हटलं, गाडीची खोली.
"गाडीला खोली?" मागून कुणीतरी विचारलं.
"अंधारात?" पेत्रोनानं विचारलं.
हो, अंधारात.
पेत्रोना बाकावर सरकली, वीतभर,
आणि मोकळ्या फळीवर दोनदा थाप मारली.
ह्याचं भाषांतर मी केलं नाही.

शनिवारी बस वेवेतेनांगोकडे उतरली.
उरलेला एक नारिंगी शर्ट आता लाझारो मक्यात घालतो.
नवं वर्ष, नवा रंग, नवे चौदा.
पेत्रोना मात्र दर रविवारी मला दारात अडवते:
"त्या पोरीच्या आईला खोलीतून बाहेर काढलं का कुणी?"
माझ्याकडे ना पत्ता, ना नंबर.
काढलं, मी म्हणते. जेवायला बसली म्हणे.
पेत्रोना मान हलवते, आत जाते, गुडघे टेकते.

एवढं एक मी अजून वळसा घालूनच नेते.