धार म्हणजे किती

ग्रिम्सबीच्या पोस्टात काचेमागे बसून
दिवसभर मी दुसऱ्यांची पार्सलं तोलते.
काटा थरथरतो, थांबतो, मी आकडा सांगते.
त्यात कुणालाच लाज वाटण्यासारखं काही नसतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दुसरा काटा,
बशीएवढा, सपाट, निर्विकार.
दवाखान्यातली नर्स म्हणाली होती,
काही सोडू नका, फक्त लिहीत जा.
मला हसू आलं. लिहायचंय काय त्यात?
एक वाटी वरण, एक मूद भात, वर तुपाची धार.

फोनमधलं ॲप विचारतं:
धार म्हणजे किती ग्रॅम?

कुमुदला फोन लावला, सांगलीला.
थालीपिठाला भाजणी किती घेतेस गं?
अंदाजे.
आणि तेल?
लागेल तेवढं.
कुमुद, मला आकडा हवाय.
ती जरा वेळ गप्प. मग हळूच,
तिकडे सगळं बरं आहे ना तुझं?

मग मीच तोलत बसले.
लग्नात आलेल्या सहा वाट्यांतली उरलेली एक,
पाणी भरून: एकशे साठ.
बाकरवडी एक: चौदा.
आणि धार, ती माझी नेहमीची, सढळ हाताची:
तेवीस ग्रॅम, दोनशे सात कॅलरी.
इतक्या वर्षांची मैत्रीण
पाठीमागे काय बोलायची ते आज कळावं
तशी मी त्या तुपाकडे बघत राहिले.

सोडलं मात्र काहीच नाही.
शुक्रवारी डोरीनबरोबर गोदीच्या भिंतीवर
हॅडक आणि चिप्स, व्हिनेगरनं ओला कागद,
वरून सीगलची नजर.
तेही लिहिलं. चहात बुडवलेली खारी लिहिली.
बेरीज रोज जुळायची
आणि वजनकाटा जागचा हलायचा नाही.

पाचव्या आठवड्यात एका रात्री
सिंकपाशी माझाच हात मी पकडला:
निनादच्या ताटातली अर्धी पोळी,
पातेल्याच्या बुडाची खरवड,
डब्यात न मावलेली उसळ,
उभ्याने, दिवा न लावता,
चव कळायच्या आत गिळलेलं.
अन्न टाकू नये, हे मनात इतकं पक्कं
की कचऱ्याच्या डब्यात काही जाऊ नये म्हणून
बावीस वर्षं मीच डबा झाले होते.

ॲपमध्ये तसा रकाना नव्हता.
मी तयार केला: उभ्याने खाल्लेलं.
त्या रात्रीचे चारशे दहा.

आता कणीकच कमी भिजवते.
निनाद आपलं ताट आपण धुतो,
आणि का, ते विचारत नाही.
मी बसून जेवते. तूप आठ ग्रॅम, पण साजूकच.
होळीला पुरणपोळी दीड खाल्ली, दुधात कुस्करून,
त्यासाठी दुपारी सूपवर भागवलं
आणि कुरकुर केली, ती मोजत नाहीत म्हणून बरं.
ख्रिसमसला डोरीनच्या पायांनी घात केला,
त्या पिठीसाखर भुरभुरलेल्या, मनुकांच्या.
जानेवारीत काटा परत वर.
लिहिलं तेही. रडले थोडी. ते लिहिलं नाही.

चौदा महिने झाले.
परवा एका म्हाताऱ्यानं खिडकीत पार्सल सरकवलं,
नातवासाठी, आत लोखंडाची आगगाडी.
मी दोन्ही हातांनी उचललं आणि तशीच थांबले.
जड आहे का फार? त्यानं विचारलं.
अकरा किलो, मी म्हटलं,
काट्यावर ठेवायच्या आधीच.
एवढं घेऊन मी रोज जिना चढत होते,
आणि वर कुणी घ्यायलाही नव्हतं.

त्या रात्री वरणभातावर तूप सोडलं,
काटा न मांडता, नुसत्या मनगटाच्या भरवशावर.
मग राहवेना, म्हणून ताट ठेवून पाहिलं.
नऊ ग्रॅम.
एक जास्त.
तो भातावरच राहू दिला.