आरसा, इशारा, मग वळण

पत्र मंगळवारी आलं. वीजबिल आणि
श्रवणयंत्राच्या जाहिरातीच्या मधोमध.
पोलिसांचं. नाव अचूक: एम्रिस प्यू.
गाडी राखाडी, नंबर माझाच.
नऊ तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी पाच चाळीसला
ब्रेकनच्या जुन्या लोकरबाजारामागच्या गल्लीत
उभ्या व्हॅनचा आरसा उडवून
न थांबता निघून गेल्याबद्दल.

त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा.
अठ्ठावीस दिवसांत.

कोण चालवत होतं?
घरात मी एकटा.
मांजराकडे परवाना नाही.

एकेचाळीस वर्षं या गावाला गाडी शिकवली मी.
खाटकाच्या मुलीला, पाद्र्याला, पाद्र्याच्या आईला,
चढ आला की डोळे मिटून घेणाऱ्या त्या शिंप्याला,
जो सातव्या खेपेला पास झाला
आणि परीक्षकाच्याच गळ्यात पडला.
माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक,
तोंडात तेच तेच:
आरसा, इशारा, मग वळण.
आणि धक्का लागलाच कशाला,
मेंढी असो, कुंपण असो, कुणाची कचऱ्याची बादली असो,
तर थांबायचं.
उतरायचं. दार ठोठवायचं.
शिव्या खायच्या. मग पुढे.

नऊ तारीख.
खतवाल्याच्या कॅलेंडरात चौकोन कोरा.
कोटाच्या खिशात पावती:
ट्राउट दोन, लिंबू एक, पाच वाजून बारा मिनिटं.
मासे आठवतात. डोकी ठेव म्हणालो होतो.
लिंबू अजून टोपलीत आहे, सुकून सुपारी झालेलं.
सहाच्या बातम्याही आठवतात, पहिल्या वाक्यापासून.
मधली अठ्ठेचाळीस मिनिटं
कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून नेलीत,
फळ्यावर ओल तेवढी राहिली आहे.

टॉर्च घेऊन बाहेर गेलो.
डाव्या अंगाला ओरखडा आहे एक, बोटभर.
पण तो मार्चमधला. फाटकाचा.
की फाटकाचा उजवीकडे होता?
नख फिरवून पाहिलं. नखालाही ठाऊक नव्हतं.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे आरशाचाच खटला,
आणि हात माझा होता का
एवढंच ठरायचं राहिलंय.

शुक्रवारी लोवरी बेवन आली.
पोलिसात आहे ती आता. पण साध्या कपड्यांत आली,
कामावर नाहीये म्हणाली, दोनदा.
तीनदा नापास झाली होती ही पोर.
रिव्हर्स घेताना रडायची,
मी खिडकीबाहेर बघत पेपरमिंट पुढे करायचो.
चहा तिनं घेतला, प्यायली नाही.
समोरच्या बाईनं खिडकीतून नंबर टिपलाय, सर.
मी म्हणालो, मला आठवत नाही.
ती म्हणाली, ते मला कळतंय.
मग बराच वेळ दोघंही मांजराकडे पाहत बसलो.

चला, म्हणाली. एक चक्कर मारू.

मी चाक धरलं. ती डावीकडे,
माझ्या जागेवर.
आरसा पाहिला. इशारा दिला. वळलो.
एक चूक नाही, देवाशपथ, एकही नाही.
आणि तरी पुलाजवळच्या वळणावर
डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं:
तिचा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर
पूर्ण दाबलेला.

ती काही बोलली नाही. मीही नाही.
तिनं पाय हळूच मागे घेतला,
जणू चप्पल नीट करत होती.

गल्लीत व्हॅन होती. निळी.
नव्या आरशावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.
पाहून काहीच जागं झालं नाही.
व्हॅन नाही, भिंत नाही, आवाज नाही.
तरी गाडी कडेला घेतली,
हँडब्रेक ओढला, उतरलो.
दार ठोठावलं.

आत कुत्रा भुंकला. पावलं आली.
माझ्याकडे सांगायला हकिगत नव्हती,
फक्त पद्धत होती.

रात्री फॉर्म भरला. शाईनं.
कोण चालवत होतं, याच्यापुढे
एवढीशी चौकट.
तिच्यात एकच अक्षर मावत होतं,
तेही काना नसलेलं:
मी.