राणीच्या आधीचा श्वास

मखमलाबाद रोडला द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज आहे,
त्याच्या माडीवर ऋजुता पिंगळेचा स्टुडिओ.
खालचा कंप्रेसर मध्येच अकरा मिनिटं दम खातो,
तेवढ्यात वाजवून घ्यायचं.
आमचे आण्णा, लहानू गायखे,
भद्रकालीतल्या ब्रास बँडचं क्लॅरनेट,
तिथे गेले लग्नातला लाल कोट घालून.
इथे कुणी बघणार नाही
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पडद्यावरही काही नव्हतं. हिरवं कापड,
पुढे एक मुलगी, हात लांबवून
हवेलाच गोंजारत होती.
"इथे सर्प येणार आहे, काका. पंखांचा.
डोंगराएवढा. अजून काढलेला नाही."
"मग मी वाजवू कुणासाठी?"
"तिच्या गावासाठी. ते जळून गेलंय.
आता या नऊ सुरांत आहे तेवढंच."

आण्णांनी पत्ती ओठांत भिजवली.
तीनदा कंप्रेसर मध्येच गुरगुरला.
चौथ्यांदा त्यांनी श्वास घेतला,
दमेकऱ्याचा, खरखरीत, तीन जिने चढून आल्यासारखा,
आणि नऊ सूर सोडले.
"तेवढा श्वास काढून टाक पोरी," म्हणाले, ओशाळून.
तिने ठेवला.

दिवाळीनंतर मालिका आली.
उपनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत
आई, मी, शेजारच्या खर्डेकाकू.
राणी दारात यायच्या आधी
तो श्वास यायचा.
मग दार. मग राणी.
काकूंना राज्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत,
कोण कुणाचा सावत्र, तेही नाही.
पण आमच्या मोरीत हात धुता धुता ओरडायच्या,
"आली गं बाई, आली!"

एकदा श्वास आला आणि राणी आलीच नाही.
विहिरीवर पाणी शेंदणारं एक पोरगं, उघडंबंब.
काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.
"हे तिचंच," म्हणाल्या.
मालिकेला तेवढं सांगायला
आणखी पाच भाग लागले.

सर्प शेवटी बरा काढला होता.
पण मी एकदा आवाज बंद करून पाहिला:
ट्यूबलाइटमागे बसलेल्या पालीसारखा दिसला.
आवाज सोडला,
तर खोलीतले पेले हलले.

दुसऱ्या पर्वापर्यंत आण्णांचे पुढचे दात गेले.
कवळीने भाकरी चावता येते,
क्लॅरनेट धरता येत नाही.
ऋजुताच्या जागी दुसरं कुणी आलं होतं.
सूर तेच नऊ, पण यंत्रातून,
चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे लख्ख.
आधी काहीच नाही. कुठे खरखर नाही.
आण्णा म्हणाले, "मेली ही."
राणी तर सिंहासनावर बसून हसत होती.
"आण्णा, जिवंत आहे."
"तुला दिसतं तेवढंच बघतेस तू."

त्या पर्वात ती मेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.
तिने दोन किल्ले घेतले, लग्न केलं,
सर्पाला पिल्लं झाली.
काकू मात्र ती आली तरी
मोरीतून बाहेर येईनात.
नंतर नंतर यायच्याच बंद झाल्या,
गुडघ्यांचं कारण सांगून.

क्लॅरनेट कपाटावर आहे, लाल कोटात गुंडाळून.
आण्णा संध्याकाळी मेथी आणायला जातात,
देवळाली गावच्या बाजारापर्यंत, पायी.
तीन जिने चढून येतात,
आणि बेलवर बोट ठेवण्याआधी
दाराबाहेर थांबून एक श्वास घेतात.

मी तेव्हाच उठलेली असते.