आधी कोपरे

तीस वर्षं लांज्याच्या बाजारात
मी माणसं साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरमध्ये बसवली.
हनुवटी वर. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू देत.
मग दुकान मुलीकडे दिलं, तिने झेरॉक्स मशीन आणलं,
आणि मी एक लांबडा कॅमेरा घेतला, जुना,
पावट्याच्या शेंगेसारखी निगेटिव्ह देणारा,
एका रोलमध्ये चार.

चारच.
म्हणजे सडा चढायचा, तिकाटणं रोवायचं,
तीनदा चुकायचं
आणि चौथ्याला हात कापायचा.

दोन हिवाळे मी पहाटे जात राहिलो,
फोटो काढणारे पहाटे जातात म्हणून.
माचाळपासून विशाळगडापर्यंतची अख्खी भिंत
सूर्याकडे तोंड करून बसलेली, माझ्याकडे पाठ.
निगेटिव्हवर डोंगराच्या जागी नुसती काच.
इकडचा डोंगर चारनंतर उघडतो,
उन्हं समुद्रावरून तिरपी आली
की एकेक घळ वेगळी होते.
हे गुराख्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आणि विहिरीचं पाणी सत्तावीस अंश,
डेव्हलपरला हवं वीस.
आभाळ रव्यासारखं फुगून आलं.
आता हमीदाबीच्या टोपलीतला बर्फ आणतो,
पिशवीत बांधून पातेल्यात सोडतो.
ती विचारते, म्हावरं नको, नुसता बर्फ?
मग लाजेकाजेने पाव किलो बांगडा.
घरात म्हणतात, तुमच्या डोंगराला वास येतो.

तरी चित्र बसत नव्हतं.
फिल्टर बदलले. भाजावळीचा धूर टळावा म्हणून
महिना बदलला. तरी
काहीतरी सांडत होतं कडेकडेने,
ताटलीतल्या पेजेसारखं.

सड्यावर बारकू घवाळी
काजूच्या बागेला गडगा घालत होता.
दोन दिवस नुसता बघत राहिला.
तिसऱ्या दिवशी हातातली लेव्हल घेऊन आला,
न विचारता कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवली.
बुडबुडा पळाला.
त्याने जांभ्याची एक कपची उचलली,
तिकाटण्याच्या एका पायाखाली सारली.
बुडबुडा घरी आला.

— आदी काय बगता, भाऊ?
मधला सुळका, मी म्हटलं.
तो हसला, तसाच,
जसा रेशनकार्डाच्या फोटोला हसला होता
वीस वर्षांपूर्वी, आणि मी दटावलं होतं.
— भिंत मदनं कोन बांदतो?
आदी कोपरे. मग दोरी ताना.
मदला चिरा आपसूक बसतो.

मी काळ्या कापडाखाली गेलो
आणि पहिल्यांदा सुळक्याकडे बघितलं नाही.
डाव्या कोपऱ्यात विजेचा अर्धा खांब होता.
दोन हिवाळे होता.
उजव्या कोपऱ्यात काहीच नव्हतं,
डोंगर तिथून वाहून जात होता.

बारा पावलं मागे. चार डावीकडे.
एका टोकाला करवंदीची जाळी बसली,
दुसऱ्या टोकाला बारकूचा अर्धा गडगा,
आणि मध्ये तो सगळा पसारा
कुणी न सांगता आवरून बसला.
तूही बस ना तिथे, मी म्हटलं.
— माझा काडलावात एकदा. गडग्याचा काडा.

नारिंगी फिल्टर. बावीसचं छिद्र. एक सेकंद.
वाळलेलं गवत थांबेना.
आम्ही दोघं गवताकडे बघत उभे,
दवाखान्याबाहेर उभे असल्यासारखे.
मग ते थांबलं.

प्रिंट हातभर झाली.
दोरीला चिमट्याने टांगली होती तेव्हा तो आला.
डोंगर बघितला नाही.
बर्फ घालून मिळवलेलं आभाळ तर नाहीच.
बोट थेट उजव्या कोपऱ्यात,
वरून दुसऱ्या थरावर.
— हा चिरा मी मागनं काडला,
म्हणाला. वाकडा होता.

बराच वेळ बोट तिथेच.
— तुमच्याकडं तसाच ऱ्हायला.