एकच रेघ

दर दुसऱ्या गुरुवारी, तळोधीच्या पुढे
डांबर संपतं तिथे गाडी लावून
मी धुऱ्याधुऱ्यानं जाते मोहटोल्याला.
थंड डब्यात चार नळ्या, पिशवीत वजनकाटा,
आणि एक बाटली, जिच्यात काय आहे
ते मला ठाऊक नाही.
मुद्दाम ठाऊक नाही. तसा नियमच आहे.

फुलवंता कोडापे, वय सव्वीस.
कागदावर फक्त शून्य-चार-एक.
सिकलचं रक्त. हाडं फुटायला लागली
की खाटेची सुंभ दातात धरते.

पहिल्या दिवशी अकरा पानं वाचून दाखवली.
सातव्या पानावर तिनं थांबवलं.
"म्हंजे अर्ध्यायच्या बाटलीत नुसता खडू?"
हो.
"आन् मले खडू आला, त माझं दुखणं कोन्या कामाचं?"
म्हटलं, तुझ्या दुखण्याशेजारी ठेवूनच
दुसरीचं कमी झालेलं दिसेल.
नाहीतर कमी झालं, हे म्हणायचं कशावरून?
ती बराच वेळ कोंबडीकडे बघत राहिली.
मग सही केली. 'फ' उलटा आला.

रोजच्या तक्त्यावर हसरे-रडके चेहरे होते.
तो पहिल्याच आठवड्यात शेळीनं खाल्ला.
तेव्हापासून दुखल्या दिवसाला एक चिंचोका,
बिस्किटाच्या डब्यात.
मी ओट्यावर ओतते, मोजते, लिहिते.
सहा. नऊ. नऊ. चार.
चारला मी हसले असेन.

आज शेवटची फेरी.
दंडावर कापूस दाबून ती म्हणाली,
"बाई, त्या चारच्या वक्ती सात होते.
आदल्या खेपेले नऊ पाहून
तुमचं तोंड एवढुसं झालं होतं.
म्हून तीन काढले. भाजून खाल्ले."

आमच्यात खोडरबर चालत नाही,
पांढरी शाई चालत नाही.
चुकीवर एकच रेघ मारायची, आडवी,
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला खरा आकडा, तारीख, सही, कारण.

चारवर रेघ मारली. सात लिहिलं.
कारणाच्या रकान्यात
'सहभागीने नंतर सांगितले' एवढंच मावलं.
माझं तोंड मावलं नाही.

"कवा कळंल, खडू का औषध?"
पाकिटं नागपुरात आहेत, कुलपात.
वर्ष लागेल. दोनही लागतील.
"लागू द्या," म्हणाली,
आणि आजचे चिंचोके ओट्यावर ओतले.
पाच.
मग डबा उपडा धरून
बुडावर दोनदा ठोकला,
आत काही उरलं नाही, ते मला दिसावं म्हणून.